बशीएवढं अक्षर

नॉर्डबी, मिनेसोटा
९ सप्टेंबर १९८४

ऑर्विल,

भाऊ म्हणून तुझा सल्ला मागायची पाळी आली आहे, म्हणजे माझ्यावर काय प्रसंग ओढवला असेल ते तूच समज.

‘सेंटिनल’चा म्हातारा मालक गेल्यापासून पेपर त्याच्या जावयाच्या हातात आलाय. क्रेग त्याचं नाव. मिनिआपोलिसहून आलाय आणि आल्या दिवसापासून आम्हाला लिहायला शिकवतोय. त्याचं नवं फर्मान निघालंय, की जानेवारीपासून सगळा मजकूर कॉम्प्युटरवर लिहून फ्लॉपीवर आणून द्यायचा. टाइप केलेला कागद घेणार नाही. ज्याला जमणार नाही त्याने आत्ताच सांगावं म्हणे, त्याच्या बायकोची एक मैत्रीण ‘नॉर्डबीची खबरबात’ लिहायला तयारच बसली आहे. या बाईला गावात कोण कोणाशी बोलत नाही हेसुद्धा माहीत नाही, आणि ही खबरबात लिहिणार! तीस वर्षं मी हे सदर लिहिते. ते गेलं तर मी दिवसभर इथे बसून काय करू, खिडकीतल्या चिमण्या मोजू?

तेव्हा कॉम्प्युटर घ्यायचा हे ठरलंय. मॅन्केटोचा दुकानदार फोनवर म्हणाला की डबा कुठलाही घ्या, खरा प्रश्न मॉनिटरचा आणि तो चालवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा आहे. हिरवा आणि रंगीत अशा दोन तऱ्हा आहेत म्हणे. मला रंगीत बरा वाटतोय. तू विमा कंपनीत खोलीएवढ्या मशीनशी आयुष्यभर झटापट केलीस, तुला कळत असेल. दोन्हीत अक्षरं केवढी दिसतात ते लिही. इंचात लिही.

तुझा लाल पेन्सिलीने खरडलेला कागद मिळाला. माझ्या सदरातल्या चुका शोधण्यावाचून हार्टफर्डमध्ये तुला दुसरं काम नाही, हे बघून तुझ्याशी संसार करणाऱ्या लॉइसची कीव आली. आणि टाइपरायटरची रिबन बदल. तुझं पत्र इतकं फिकट होतं की वाचेपर्यंत कॉफी गार झाली.

आर्डिस


हार्टफर्ड, कनेटिकट
१८ सप्टेंबर १९८४

आर्डिस,

रिबन नवी आहे. मागच्या महिन्यात घातली.

अक्षरं इंचात! दुकानात जाऊन असं विचारू नकोस, लोक हसतील. तू पडदे शिवायला कापड घेत नाहीयेस. तुला समजेल अशा भाषेत सांगतो, जमलं तर दोनदा वाच.

हिरव्या मॉनिटरला चालवणारं कार्ड फक्त अक्षरं दाखवतं. चित्र नाही, रेघोट्या नाहीत, काही नाही. अक्षरं एका ठरलेल्या मापाची, बारीक, रेखीव, छापल्यासारखी. अक्कल असलेली माणसं यावरच काम करतात. रंगीत कार्डावर एकेक ठिपका हवा तसा पेटवता येतो, त्यामुळे चित्रं येतात. पण त्याची अक्षरं म्हणजे उंदराने कुरतडल्यासारखी. मजकूर वर सरकवला की पडद्यावर पांढरे ठिपके भुरभुरतात. आणि चित्रातले रंग किती? चार. त्यातला एक काळा, एक पांढरा, उरलेले दोन म्हणजे पाणचट निळा आणि असला गुलाबी, की त्या रंगाचं औषधसुद्धा कोणी पिणार नाही. हे कार्ड ज्यांना घरी बसून खेळातले बेडूक उड्या मारताना बघायचे आहेत त्यांच्यासाठी आहे.

तुला काय लिहायचंय? मिसेस थोर्सनकडे कोण जेवायला आलं आणि गोडाला रूबार्ब पाय कोणी आणला. त्याला चार रंग कशाला लागतात? हिरवा घे.

ऑर्विल

ता. क. दुरुस्ती छापावी: मिसेस थोर्सनच्या बहिणीचं नाव एडना आहे, एडिथ नव्हे. ती माझ्या वर्गात होती.


नॉर्डबी
१ ऑक्टोबर

ऑर्विल,

एडना तुझ्या वर्गात होती आणि तिने तुला नाचायला नकार दिला होता. ही दुरुस्ती छापू का?

मॅन्केटोला जाऊन आले. बसने गेले. गाडी विकून टाकली, पेट्रोल परवडत नाही. दुकानदार पोरगेलासा आहे आणि मला ‘यंग लेडी’ म्हणतो, म्हणजे तोही बावळटच. त्याने तुझा तो हिरवा मॉनिटर लावून दाखवला. ‘बघा किती स्वच्छ अक्षरं!’ म्हणाला. कसली स्वच्छ? काळ्या भिंतीवर शेवाळ धरल्यासारखं दिसत होतं. मी म्हटलं, मोठी कर. म्हणाला, होत नाहीत, यात जेवढी आहेत तेवढीच.

शेजारी रंगीत पडदा होता. त्यावर लहान मुलांना अक्षरं शिकवायचा कार्यक्रम चालू होता. त्यातला ‘ए’ आपल्या निळ्या काठाच्या बशीएवढा होता! मी दुकानाच्या दारातून ओळखला. मग ‘बी’ आला, तोही तेवढाच. मी तिथे उभी राहून ‘झेड’पर्यंत बघत राहिले. दुकानदाराला वाटलं मला नातवंडं असतील.

मला तो हवाय. कारण विचारू नकोस, मला आवडला. तुला कोणी विचारलं होतं का, की त्या पिसवाल्या हॅटवर पैसे का घातलेस? लॉइसने मला फोटो पाठवला होता.

आणि तू खरंच रिबन बदल. नव्या म्हणून विकलेल्या सगळ्याच नव्या नसतात.

आर्डिस


हार्टफर्ड
१२ ऑक्टोबर १९८४

आर्डिस,

तुझं पत्र काळ्या जाड मार्करने लिहिलेलं मिळालं. एका पानावर सहा ओळी. पोस्टमनला वाटलं असेल की कोणी बटाट्याच्या भावाची पाटी पाठवली आहे. पेनं संपली का नॉर्डबीत?

म्हणजे एवढं सगळं सांगून झाल्यावर तू लहान पोरांच्या कार्यक्रमाला भुललीस. चौसष्टाव्या वर्षी! मी ऑफिसात हे सांगितलं नाही, कारण तिथे माझी थोडी अब्रू शिल्लक आहे. पेट्रोलचं म्हणशील, तर ते वर्षभर उतरतंय. तू पेपरात लिहितेस, कधीतरी पेपर वाचतही जा.

तुझ्यावर सोपवून भागणार नाही हे दिसलं, म्हणून मी आपला हात सैल सोडला. आजच्या पार्सलने हिरवा मॉनिटर आणि त्याचं कार्ड पाठवलंय. दोन्ही उत्तम, बाजारात याहून चांगलं नाही. दुकानातून फक्त डबा आण, कार्डाशिवाय. आभार मानायची गरज नाही, तुला जमणारही नाही.

ऑर्विल

ता. क. दुरुस्ती तरी कसली मागू? तुझ्या सदरात आता काही उरलंच नाही. पूर्वी चर्चच्या जेवणात कोणाचा कोट कुठल्या रंगाचा, कोणाच्या स्वयंपाकघराला नवे पडदे, हे सगळं यायचं. गेल्या तीन अंकांत कोण खोकलं, कोणाच्या जिन्याची पायरी करकरते आणि लुटफिस्क मासळीचा वास कुठवर आला, एवढंच आहे. रूड मंडळींनी नवी गाडी घेतली असं लिहितेस, आणि कुठल्या रंगाची? ‘तिचा हॉर्न घसा बसल्यासारखा वाजतो’! घरात बसून फोनवर सदर लिहायला लागलीस, एवढाच त्याचा अर्थ. आळस आहे हा. क्रेगचं मला पटायला लागलंय.


नॉर्डबी
२ नोव्हेंबर

ऑर्विल,

तुझा मॉनिटर मेला.

तू पाठवायच्या आधीच मी दुकानातून रंगीत कार्ड डब्यात बसवून घेतलं होतं. रंगीत मॉनिटर यायला उशीर होता. दरम्यान तुझं खोकं आलं. मी म्हटलं, पडदा तर पडदा, तोवर हाच लावू. तुझ्या मॉनिटरची पिन माझ्या कार्डाच्या भोकात अगदी नीट बसली. नऊ काट्यांची, तशीच. हाताला काही फरक लागला नाही. चालू केल्यावर तो डुक्कर अडकल्यासारखा किंचाळला आणि मागून धूर निघाला. मी भिंतीतली वायर ओढली. स्वयंपाकघरात अजून वास आहे.

किंमत कळव, भरून देईन.

आर्डिस


हार्टफर्ड
८ नोव्हेंबर १९८४

आर्डिस,

किंमत तुझ्याजवळ ठेव. मला अक्कल कुठे विकत मिळते ते कळव, तुला डझनभर पाठवतो.

हिरव्या मॉनिटरला रंगीत कार्ड जोडायचं नाही! या सगळ्या विद्येत एकच गोष्ट अशी आहे की जी शेंबड्या पोराला माहीत असते. कार्ड ज्या वेगाने चालतं तो वेग मॉनिटरला झेपत नाही, आतलं जळतं. पिना सारख्या केल्या हा बनवणाऱ्यांचा गाढवपणा, कबूल. पण मी खोक्यावर चिठ्ठी चिकटवली होती. मॉनिटरच्या मागे दुसरी चिकटवली होती. दोन्हीवर टाइप करून लिहिलं होतं की फक्त सोबतच्या कार्डालाच जोडावा. दोन चिठ्ठ्या, आर्डिस! तुझे डोळे फुटले होते का?

लॉइसशी बोललो. गाडी विकलीस, घरात आग लावता लावता राहिलीस, सदरात जीव नाही. एकटीने तुझं निभत नाही हे आता उघड आहे. नाताळात आम्ही दोघं येतो आणि घराचं काय ते ठरवू. घर दोघांच्या नावावर आहे हे विसरू नकोस. मॅन्केटोला तो हॉस्पिटलजवळचा वृद्धाश्रम आईच्या वेळी पाहिलेला आहेच. आईच्या बाबतीतही मीच निर्णय घेतला म्हणून निभलं, तुझं काय, तू नुसती रडत होतीस.

ऑर्विल

ता. क. कार्ड तरी शाबूत आहे का ते बघ.


हार्टफर्ड
९ नोव्हेंबर

प्रिय आर्डिस,

हे पत्र ऑर्विलला न सांगता लिहितेय, तेव्हा त्याला दाखवू नकोस.

शेंबड्या पोराला माहीत असतं असं त्याने तुला लिहिलं ना? गेल्या मार्चमध्ये त्याने स्वतः तेच केलं. ऑफिसातून रंगीत कार्ड उसनं आणलं, मला रुबाब दाखवायला बसला, आणि हिरवा मॉनिटर जोडला. बैठकीच्या पडद्यांचा वास जाईना म्हणून मी ते टाकून दिले. शेजाऱ्यांना त्याने सांगितलं की माझा केक जळला. म्हणूनच तर त्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. तेव्हा तू मान खाली घालू नकोस.

पण मला एक सांग. त्याने चिठ्ठ्या लावल्या तेव्हा मी बघत होते. मॉनिटरच्या मागची चिठ्ठी पिनेच्या अगदी वर होती. ती तुला दिसली कशी नाही? तू बरी आहेस ना? काल रात्रीपासून तो तुझी जुनी कात्रणं जेवणाच्या टेबलावर पसरून बसलाय. वर्षावर्षाने लावतोय. कशासाठी विचारलं तर माझ्यावर खेकसला.

लॉइस


नॉर्डबी
१६ नोव्हेंबर

ऑर्विल,

डोळे फुटले होते का, असं विचारलंस. अजून पुरते नाहीत. फुटताहेत.

रॉचेस्टरच्या डॉक्टरांना वसंतात दाखवलं. आईचंच दुखणं आहे. मध्यभागी डाग पडलाय आणि तो वाढतोय, कडेकडेचं दिसत राहील म्हणाले. म्हणजे समोर माणूस उभा असला तर त्याचा कान दिसतो, तोंड दिसत नाही. बारीक अक्षर गेलंच. भिंग घेऊन तुझं एक पत्र वाचायला मला अर्धी सकाळ लागते, आणि त्या मेहनतीनंतर हाती काय लागतं, तर तुझा शहाणपणा! तुझ्या चिठ्ठ्या मी हाताने चाचपल्या. मला वाटलं कारखान्याचं लेबल आहे.

रंगीत कार्ड मला बेडकांसाठी नको होतं. त्याच्यावर अक्षर हवं तेवढं मोठं काढता येतं म्हणून हवं होतं. हे तुझ्या डोक्यात यायला हवं होतं. तूच लिहिलंस की ठिपका न् ठिपका हवा तसा पेटवता येतो. मी वाचलं आणि मला वाटलं, सुटले! तू वाचलंस आणि तुला बेडूक दिसले. तुझे डोळे तर धड आहेत ना?

रंगीत मॉनिटर आलाय. चालतो. पण कॉम्प्युटरवर लिहायचा जो कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, मिळतो त्यात अक्षरं मुंगीएवढीच आहेत. बशीएवढी अक्षरं फक्त त्या पोरांच्या खेळात, आणि त्यात वाक्य लिहिता येत नाही. जानेवारी जवळ आला. क्रेगने परवा विचारलं, ‘कसं काय जमतंय, आर्डिस?’ मी म्हटलं, उत्तम. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला दिसलं नाही, हे एक बरं झालं.

आता घराचं. आईला तू त्या ठिकाणी नेलंस तेव्हा मी रडत होते हे खरं. पण तू दर महिन्याला अर्धा तास फोन करायचास, मी रोज जायचे. इथे तिला जिन्याच्या पायऱ्या पाठ होत्या, चुलीचं बटण हाताला माहीत होतं, लेफ्सेच्या पोळ्यांचं पीठ ती न बघता मळायची. तिथे तिने भिंतीला हात लावला की नर्स धावत यायची. एका हिवाळ्यात आटोपली बिचारी. तू त्याला निभणं म्हणतोस. मी कधी बोलले नाही, आज बोलते. निर्णय घेतल्याचा तुला एवढा अभिमान आहे, तर तो कोणाच्या जिवावर घेतलास तेही ध्यानात ठेव.

नाताळात खोकी घेऊन आलास तर दार उघडणार नाही. कडी कुठे आहे हे मला न बघता कळतं.

आर्डिस


हार्टफर्ड
२८ नोव्हेंबर १९८४

आर्डिस,

हे पत्र
मोठ्या अक्षरात
हाताने लिहिलंय,
कारण माझी रिबन
फिकट झाली आहे.

रंगीत कार्ड
हे टाकाऊच आहे.
माझं मत
बदललेलं नाही.
पण त्याच्यावर
लिहायचा कार्यक्रम
मी स्वतः करतोय.
एका ओळीत
थोडीच अक्षरं.
चार रंगांचा
दुसरा संच आहे,
त्यातली पिवळी,
काळ्यावर.
मोहरीसारखा
भिकार रंग आहे,
पण लांबून दिसतो.
बाकी त्याला
काही येत नाही.
तुलाही येत नाही,
तेव्हा जमेल तुमचं.

नाताळात
एकटाच येतो.
खोकी आणत नाही.
लॉइसला
काही सांगितलेलं नाही.

कात्रणं लावून पाहिली.
रंग मेपासूनच
कमी झालेत.
मला ते
ऑक्टोबरात दिसलं,
आणि मी त्याला
आळस म्हटलं.

आईबद्दल लिहिलंस
ते वाचलं.

ऑर्विल


नॉर्डबी
४ जानेवारी १९८५

ऑर्विल,

हार्टफर्डला पोहोचलास हे लॉइसने फोनवर कळवलं. घरी गेल्या गेल्या तू माझ्या कॉफीला नावं ठेवलीस हेही कळवलं. चार दिवसांत तीन किटल्या संपवल्यास, तेव्हा बोलला नाहीस.

तुझा कार्यक्रम चालतो. दिसायला घाण आहे. ‘जी’ला शेपूट नाही आणि ‘क्यू’ला दोन आहेत. एवढी वर्षं विमा कंपनीने तुला पगार कसा दिला कोण जाणे. पण मी खुर्चीत मागे टेकून बसते, बाजूने तिरकं बघते, आणि माझं वाक्य मला वाचता येतं. गेल्या वसंतापासून मी लिहिलेलं मी वाचलं नव्हतं. पहिलं वाक्य वाचलं तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले. वाक्य वाईट होतं. खोडून पुन्हा लिहिलं.

पडद्यावर एका वेळी दोनच वाक्यं मावतात, त्यामुळे सदर आखूड झालंय. क्रेग म्हणतो, ‘तुमच्या लिखाणात नवा जोर आलाय.’ त्याला काय कळतंय! फ्लॉपी मी चालत जाऊन त्याच्या टेबलावर आपटली. त्याच्या बायकोची ती मैत्रीण तिथेच बसली होती. परफ्यूम फार लावते.

कात्रण सोबत पाठवतेय. रंग नाहीत म्हणून बोंब मारत होतास ना? आता बघ, आलेत परत. रूड मंडळींची गाडीसुद्धा घातली आहे. आणि तूही आहेस त्यात, तुला तेच हवं असतं. तुझी हॅट तू दारात आलास तेव्हाच मी पाहिली होती.

आर्डिस

(कात्रण)

नॉर्डबीची खबरबात. हार्टफर्डचे ऑर्विल हाउगेन नाताळात बहिणीकडे राहून गेले. ते सकाळी उशिरा उठतात. रूड मंडळींची नवी गाडी निळी आहे. चर्चच्या जेवणात लेफ्से कमी पडल्या, त्या कोणी जास्त खाल्ल्या ते गावाला माहीत आहे. श्री. हाउगेन यांनी राखाडी हॅट घातली होती. ती त्यांना शोभत नव्हती.


हार्टफर्ड
१३ जानेवारी १९८५

आर्डिस,

कात्रण मिळालं.
‘क्यू’ दुरुस्त करून
नवी फ्लॉपी पाठवतोय.
‘जी’ तसाच राहील,
त्याची सवय कर.

मी उशिरा
उठत नाही.
तू पहाटे उठून
भांडी आपटतेस.
लेफ्से
मी मोजून खाल्ल्या.
तुझी भाषा
अजून भोंगळ आहे.

हॅट हिरवी होती.
तीच, पिसवाली,
लॉइसने
फोटो पाठवला ती.
लाल पेन्सिल काढली,
तिला टोकही केलं,
आणि मग
टेबलावर ठेवून दिली.

शनिवारी जाऊन
राखाडी हॅट आणली.
लॉइसला कारण
सांगितलं नाही.
ती म्हणते,
पहिलीपेक्षा
वाईट दिसते.
इस्टरला येईन
तेव्हा तीच असेल.

दुरुस्ती छापू नये.

ऑर्विल